रुळाचे तुकडे मोजणाऱ्यांनो, माणसेही मोजा

३१ डिसेंबर २०२५ रोजी सौदी अरेबियात, रियाधजवळच्या किद्दिया या नव्या नगरीत सिक्स फ्लॅग्जचे मनोरंजन उद्यान सुरू झाले. त्यातला ‘फाल्कन्स फ्लाइट’ हा रोलर कोस्टर आज जगातला सर्वांत उंच, सर्वांत वेगवान आणि सर्वांत लांब आहे. उंची १९५ मीटर, वेग ताशी २५० किलोमीटर, लांबी सुमारे सव्वाचार किलोमीटर. याआधी उंचीचा मान अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ‘किंगडा का’ या १३९ मीटरच्या कोस्टरकडे होता. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. वेगाचा मान अबू धाबीच्या ‘फॉर्म्युला रोसा’कडे होता, ताशी २४० किलोमीटर. लांबीचा मान जपानच्या ‘स्टील ड्रॅगन २०००’कडे, तोही अडीच किलोमीटरच्या आतच. सौदीच्या पैशाने तिन्ही मान एका झटक्यात घेतले.

आपल्या वस्त्यांमधल्या पोरांच्या मोबाईलवर या कोस्टरचे व्हिडिओ फिरत आहेत. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मला बोलायचे आहे ते उद्घाटनाच्या आधीच्या सहा वर्षांबद्दल. घोषणा झाली २०१९ मध्ये. २०२२ मध्ये सुरू होईल असे तेव्हा सांगितले होते, मग तारखा पुढे पुढे जात राहिल्या. या सहा वर्षांत जगभरच्या रोलर कोस्टरप्रेमींनी या एका बांधकामाबद्दल जेवढे तर्क लढवले, तेवढे क्वचितच कुठल्या बांधकामाबद्दल लढवले गेले असतील.

हे चाहते काय करत होते ते समजून घ्या, कारण माझा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. सुरुवातीला अनेकांचे म्हणणे होते की हा कोस्टर कधी उभाच राहणार नाही, संगणकावरचा देखावा आहे नुसता. मग उपग्रहाच्या छायाचित्रांत तुवैकच्या कड्यावर खोदकाम दिसू लागले. कड्याच्या काठाने पायाचे ठिपके दिसले. त्या ठिपक्यांमधले अंतर मोजून लोकांनी ट्रॅकचा मार्ग काढला. मोकळ्या मैदानात उतरवलेले ट्रॅकचे तुकडे मोजले. तुकड्याच्या बाकावरून इथे वळण किती तीव्र असेल, खांबाच्या जाडीवरून इथे गाडी किती वेगात येईल, असे अंदाज बांधले. १९५ मीटर उंची धरताना डोंगराचा कडा हिशेबात घ्यायचा की जमिनीपासून सुटा उभा राहिलेला सांगाडाच धरायचा, यावर तर हमरीतुमरी झाली.

गणितही केले गेले. १९५ मीटरवरून गाडी खाली सोडली, घर्षण शून्य धरले, हवेचा विरोध शून्य धरला, तरी तळाशी वेग ताशी सुमारे २२३ किलोमीटर येतो. दहावीच्या विज्ञानात जे शिकवतात त्यातूनच हे निघते. मग २५० कुठून येणार? म्हणजे नुसते गुरुत्वाकर्षण पुरणार नाही, ट्रॅकवर चुंबकी मोटारी लागणारच. आणि खरेच, इंटामिन कंपनीने बनवलेल्या या कोस्टरमध्ये त्या आहेत.

ही बुद्धी मला आवडते. स्पष्टच सांगते, कारण आपल्या चळवळीतल्या काही ज्येष्ठांना हा सगळा प्रकार रिकामटेकडेपणा वाटतो. पोरे पाळण्यांचे व्हिडिओ बघतात, वाचन सोडले, बिघडली, वगैरे. अहो, जो मुलगा एका धूसर छायाचित्रातल्या ठिपक्यांवरून चार किलोमीटरचा मार्ग काढतो, कंपनीच्या जाहिरातीवर विश्वास न ठेवता स्वतः आकडा तपासतो, “पुरावा दाखव” म्हणतो, तो बिघडलेला नाही. शब्दप्रामाण्य नाकारून तपासून बघायची जी सवय आपण प्रबोधनाच्या शिबिरांत लावू पाहतो, तीच सवय त्याला कोस्टरने लावली आहे.

माझे भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. ही नजर पोलादापाशी येऊन थांबते.

या सहा वर्षांत या चाहत्यांमध्ये एक चर्चा पुन्हा पुन्हा झाली: चाके टिकतील का? रोलर कोस्टरच्या चाकांवर पॉलियुरेथेनचा थर असतो, वेगाने तो तापतो. रियाधच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्यात वाळू. ताशी २५० किलोमीटर वेगात वाळूचा कण डोळ्यात गेला तर? म्हणून गाडीला पुढे काच लावली. प्रश्न योग्य, उपायही योग्य. पण चाक तापेल का, याची सहा वर्षे काळजी वाहिली गेली. त्याच ४५ अंशांत, त्याच वाळूत, दीडशे मीटरवर लटकून बोल्ट आवळणारा माणूस तापेल का, हा प्रश्न किती जणांनी विचारला? या गप्पा मी गेली काही वर्षे वाचते, ऐकते आहे. खांबांचा रंग कोणता असावा यावर जेवढे बोलले गेले, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही या माणसावर मी काही ऐकलेले नाही. कोस्टरच्या नोंदींत उंची असते, वेग असतो, निर्मात्या कंपनीचे नाव असते. किती हातांनी उभारला, हा रकाना नसतो.

मी ज्या वस्तीत काम करते, तिथे आखातात दोन करार पूर्ण करून परतलेला एक स्कॅफोल्डर आहे. त्याच्या पुतण्याला या कोस्टरचे वेड. एकदा पुतण्या काकाला बांधकामाचा जुना व्हिडिओ दाखवत होता. गाडी वरून येणार कशी, वळण कुठे, सगळे समजावून सांगत होता. काकाने व्हिडिओ मध्येच थांबवायला लावला आणि बोट ठेवले ते वरच्या एका कोपऱ्यावर. म्हणाला, “इथं हूक कुठं लावायचा? हार्नेस घालून उपयोग काय, बांधायला काय तरी पाहिजे ना.” पुतण्या तोपर्यंत तो व्हिडिओ पन्नासदा बघून बसला होता. ते ठिकाण त्याने कधी पाहिलेच नव्हते. तर्क दोघेही करत होते, एकाच चित्रावर. पण एकाच्या तर्काला जगभरात दाद मिळते आणि दुसऱ्याच्या ज्ञानाला कोणी ज्ञानही म्हणत नाही.

जातीच्या समाजात हे नवीन नाही. जातिसंस्था ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांची विभागणी आहे, आणि तीही वरखाली उतरंड लावून केलेली, हे बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले त्याला आता नव्वद वर्षे होतील. आखातातल्या बांधकामावर जात विचारत नाहीत म्हणे. खरे आहे, पासपोर्ट विचारतात. एकाच कामाला कोणत्या देशाच्या माणसाला किती पगार, हे तिथे राजरोस ठरलेले असते. आराखडा काढणारा युरोपातून येतो. रुळ चढवणारा भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तानातून. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला श्रेणीबद्ध विषमता शिकवली तेव्हा उदाहरणे गावगाड्यातली होती. विमानतळाच्या रांगेतही ती तशीच शिकवता येईल.

आता आकड्यांकडे या, कारण चाहत्यांना आकडे आवडतात. २०२२ च्या जनगणनेनुसार सौदी अरेबियाची लोकसंख्या ३ कोटी २२ लाख. त्यात परदेशी लोक सुमारे १ कोटी ३४ लाख, म्हणजे शंभरात जवळजवळ बेचाळीस. भारतीयांची संख्या आपल्याच सरकारच्या हिशेबाने वीस लाखांच्या वर. हा देश परदेशी मजुरांवर उभा आहे असे म्हणणे ही अतिशयोक्ती नाही.

हे मजूर ज्या व्यवस्थेत काम करतात तिचे नाव कफाला. तुमचा मालक हा तुमचा कफील. तुमचा व्हिसा, तुमचा इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, सगळे त्याच्या हातात. काम सोडून गेलात तर तो ‘हुरूब’ लावतो, म्हणजे तुम्ही पळालात अशी तक्रार करतो, आणि तुम्ही बेकायदा ठरू शकता. मार्च २०२१ मध्ये सौदी सरकारने सुधारणा केल्या, काही अटींवर नोकरी बदलायची आणि मालकाच्या परवानगीशिवाय देश सोडायची मुभा दिली. घरकामगारांना त्यातूनही वगळले. आणि ज्यांना ही मुभा मिळाली त्यांना ती वापरता येते का? कर्ज काढून गेलेल्या माणसाला नोकरी बदलायचा हक्क कागदावर दिला तरी त्याच्या खिशात तो वापरायला पैसा लागतो.

डिसेंबर २०२४ मध्ये ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने सौदीच्या महाप्रकल्पांवरच्या मजुरांबद्दल अहवाल काढला. दीडशेहून अधिक आजी-माजी मजूर आणि त्यांच्या कुटुंबीयांशी बोलून तो लिहिलेला आहे. भरतीसाठी उकळलेले पैसे, थकवलेला पगार, उन्हापासून अपुरे संरक्षण, चौकशी न झालेले मृत्यू, सगळे त्यात आहे. त्याच महिन्यात फिफाने २०३४ चा फुटबॉल विश्वचषक सौदीला बहाल केला. त्यासाठीचे एक स्टेडियम याच किद्दियात, याच तुवैकच्या कड्यावर उभे राहायचे आहे. म्हणजे कोस्टर झाला तरी काम संपलेले नाही, आणि चाहत्यांचे तर्कही संपलेले नाहीत.

मे २०२५ मध्ये त्याच संस्थेने मृत्यूंवर स्वतंत्रपणे लिहिले. उंचीवरून पडून, विजेचा धक्का लागून, यंत्रात सापडून मेलेली माणसे. अनेक मृत्यूंची नोंद मात्र ‘नैसर्गिक कारण’ अशी. या दोन शब्दांचा अर्थ आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. कामावर अपघाती मृत्यू झाला तर भरपाई द्यावी लागते. आपल्याकडून जाणाऱ्या कमी शिकलेल्या मजुराला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. तिच्यात दहा लाख रुपये मिळतात ते अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास. कागदावर ‘नैसर्गिक’ लिहिले की तिकडची भरपाई गेली आणि इकडचा विमाही गेला. पस्तीस वर्षांचा, जाण्याआधी वैद्यकीय तपासणीत पास झालेला माणूस ४५ अंशांत काम करताना कोसळतो आणि त्याचे हृदय ‘नैसर्गिकरीत्या’ बंद पडते. यात निसर्गाचा दोष किती आणि ठेकेदाराचा किती, हे कोण ठरवणार?

सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी बारा ते तीन थेट उन्हात काम करायला बंदी आहे. ऐकायला बरे वाटते. पण ऊन घड्याळ बघून पडत नाही. अकरा वाजता ते सोसण्यासारखे असते आणि बाराला अचानक जीवघेणे होते, असे कुणाला वाटते? सोळा सप्टेंबरला काय थंडी सुटते?

इथे एक माणूस हात वर करून म्हणणार, “अहो ताई, ते स्वतःच्या मर्जीने जातात. इथल्यापेक्षा चार पैसे जास्त मिळतात.” बरोबर आहे, जातात. महारवतनाचे काम करणारेही रात्री-बेरात्री ‘मर्जीने’च पायपीट करायचे, नाही का? मर्जी तिथे मोजायची, जिथे दुसरा पर्याय असतो. ज्याच्याकडे दहावीचे प्रमाणपत्र नाही, त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ लागते, म्हणजे सौदीसारख्या देशात मजुरीला जायचे तर सरकारची वेगळी मंजुरी लागते. या देशात दहावीपर्यंत कोण पोहोचत नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवे का? दलित, आदिवासी, भटके, पसमांदा मुस्लिम. शाळेतून आधी आपणच बाहेर पडतो, आणि मग त्या बाहेर पडण्याचा शिक्का पासपोर्टवर बसतो.

आपल्या सरकारचेही सांगते. बाहेर जाणाऱ्या मजुरांसाठी सरकार एक किमान वेतन शिफारस करते, त्याखाली करार मंजूर करायचा नाही असा नियम. सप्टेंबर २०२० मध्ये, महामारीत माणसे अडकलेली असताना, आखाती देशांसाठीचे हे वेतन सरकारने तीस ते पन्नास टक्क्यांनी खाली आणले. नाही तर नोकऱ्या जातील, असे कारण दिले. विरोध झाला, तेलंगणातून प्रकरण न्यायालयात गेले, मग २०२१ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. शेख वाईट, असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

आणि याच ओघात एक सावध इशारा. हा विषय निघाला की काही मंडळींना लगेच मुस्लिमद्वेषाची उबळ येते. बघा, हे लोक कसे आहेत. त्यांना माझे काहीही उसने देऊ नका. ज्या मजुरांबद्दल मी बोलते आहे त्यांतले असंख्य स्वतः मुस्लिम आहेत. कोस्टर बनवणारी कंपनी युरोपीय आहे. ज्या नावाने उद्यान चालते ते नाव अमेरिकन आहे. मजुराला विकणारा एजंट मुंबईत एसी लावून बसतो आणि त्याच्या भिंतीवर कोणत्याही धर्माचा फोटो असू शकतो.

नावाचे निघालेच आहे तर सांगते. सिक्स फ्लॅग्ज म्हणजे सहा झेंडे. टेक्सासवर इतिहासात फडकलेल्या सहा सत्तांचे झेंडे, त्यावरून १९६१ मध्ये पहिल्या उद्यानाला हे नाव पडले. त्या सहांतला एक झेंडा कॉन्फेडरेट राज्यांचा, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी युद्ध केलेल्यांचा. २०१७ मध्ये कंपनीने तो उतरवला आणि सगळीकडे अमेरिकेचा राष्ट्रध्वज लावला. नावातला आकडा मात्र सहाच राहिला.

“मजेत राजकारण आणू नका” हे वाक्य कोस्टरवाल्यांचे आवडते आहे. त्यांना रोलर कोस्टरचा जन्म माहीत नसावा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात मॉक चंक नावाचे गाव होते. १८२७ मध्ये तिथे डोंगरावरच्या खाणीतला कोळसा खाली आणायला साधारण चौदा किलोमीटरचा रुळमार्ग टाकला. भरलेले डबे उताराने आपोआप खाली यायचे, रिकामे डबे खेचरे ओढून वर न्यायची, आणि ती खेचरे खाली येताना त्याच डब्यांत बसून यायची. पुढे दुसरी रेल्वे झाली, कोळशाला या रुळांची गरज उरली नाही, आणि १८७० च्या दशकात पैसे देऊन उतारावरून धावण्याची मजा घेणारे पर्यटक तिथे लोटले. ते बघूनच लामार्कस थॉम्पसनने १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंटवाला कोस्टर सुरू केला, असे सांगतात. त्याचा वेग सायकलपेक्षा कमी होता.

त्याच मॉक चंकमध्ये, पर्यटकांच्या त्याच दशकात, २१ जून १८७७ रोजी तुरुंगात चार आयरिश खाणकामगारांना फाशी दिली. ‘मॉली मॅग्वायर्स’ या गुप्त संघटनेचे सदस्य आणि खुनी, असा आरोप. पुरावा मुख्यतः एका खाजगी गुप्तहेराचा, ज्याला रेल्वे आणि कोळसा कंपनीच्या अध्यक्षाने पैसे देऊन पेरले होते. त्याच दिवशी शेजारच्या पॉट्सव्हिलमध्ये आणखी सहा जणांना फासावर चढवले. एकाच गावात एका बाजूला खाणीच्या रुळांवर किंकाळ्या मारत खाली येणारे पर्यटक आणि दुसऱ्या बाजूला खाणकामगारांचे फास. कोस्टरच्या पाळण्यातच राजकारण होते. आम्ही ते बाहेरून आणलेले नाही.

तेव्हा ज्येष्ठांनो, मजा ही चैन आहे, आपला विषय नव्हे, असेही म्हणू नका. मजेच्या दारावरही आपल्यासारख्यांना अडवले गेले आहे. अमेरिकेत बाल्टिमोरजवळ ग्विन ओक नावाचे मनोरंजन उद्यान होते, फक्त गोऱ्यांसाठी. वर्षानुवर्षे आंदोलने झाली. ४ जुलै १९६३ रोजी जवळजवळ तीनशे लोकांना अटक झाली, त्यांत धर्मगुरूही होते. २८ ऑगस्ट १९६३ रोजी ते उद्यान काळ्या लोकांना खुले झाले. तारीख ओळखीची वाटली असेल. त्याच दिवशी वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांनी ते जगप्रसिद्ध भाषण केले. तिकडे ग्विन ओकमध्ये शॅरन लँगली नावाची अकरा महिन्यांची काळी मुलगी बापाच्या आधाराने फिरत्या घोड्यावर बसली. तो घोड्यांचा पाळणा पुढे वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर नेला गेला. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नव्हतो, आणि फिरत्या घोड्यावर बसून कुणाचे पोट भरणार नव्हते. तरी लोक तुरुंगात गेले. आपल्या मुलीला पाळण्यात बसायचे असेल तर तिला बसू द्या. फक्त पाळणा कोणी उभारला, हे तिला विचारता आले पाहिजे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींत गेले. अहवाल मागवून दिल्लीत बसता आले असते. ते स्वतः खाली उतरले, माणूस कुठे उभा राहून काम करतो, कुठे राहतो, ते डोळ्यांनी पाहिले. पुढे खाण कामगारांच्या कल्याण निधीचे काम, आठवड्याला ४८ तासांच्या मर्यादेचे विधेयक हे त्यांच्याच कारकिर्दीतले. मला या भेटीत दिसतो तो एक पद्धतशीर मनुष्य, जो आकड्यावर समाधान मानत नाही. कोस्टरच्या चाहत्याकडे निम्मी पद्धत आधीच आहे. उरलेली निम्मी त्याला कुणी दाखवलेली नाही.

ती दाखवता येते. ज्या उपग्रहाच्या छायाचित्रात तुम्ही पायाचे ठिपके शोधता, त्यातच जरा बाजूला बघा. एवढे मोठे बांधकाम असेल तर मजुरांचा कॅम्प कुठेतरी असतोच. एकसारख्या लांबट छपरांच्या रांगा, बसगाड्यांचा तळ. छपरे मोजा. बांधकामाच्या व्हिडिओत सावली कोणत्या दिशेला आणि किती लांब आहे यावरून वेळ काढता येते. कोस्टरच्या खांबांची उंची तुम्ही अशीच काढता. मग जुलै-ऑगस्टच्या व्हिडिओत सावली पायाशी गोळा झालेली असताना वर माणसे दिसतात का, तेही बघा. दोन महिन्यांत किती मीटर ट्रॅक चढला याचा तक्ता तुम्ही करता, त्या वेगाने चढवायला किती पाळ्या लागल्या असतील हे त्यातूनच निघते. उत्पादक कंपनी आणि उद्यानाची कंपनी यांना तुम्ही गाडीचा रंग विचारता, त्यांना हेही विचारा की या बांधकामावर किती जण जखमी झाले, किती मेले आणि किती घरांना भरपाई मिळाली. एक चाहता विचारेल तर उत्तर येणार नाही. पण या कंपन्या चाहत्यांच्या उत्सुकतेवर जगतात. सहा वर्षे फुकट जाहिरात ज्यांनी केली त्यांच्या तोंडून हा प्रश्न आला, तर तो झटकून टाकणे आमच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या निवेदनाएवढे सोपे नसते.

आणि आपल्या वस्तीतून जो पोरगा हे असले काहीतरी बांधायला निघाला आहे, त्याच्याकडे आत्ताच जा, गामका मेडिकलच्या आधी. एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा; नसेल तर तिथेच थांबा. एजंटला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेण्याचा अधिकार नाही. जो लाख-दीड लाख मागतो त्याच्याकडून पावती मागा, तो देणार नाही, आणि तेच तुमचे उत्तर आहे. ‘फ्री व्हिसा’ किंवा ‘आझाद व्हिसा’ असा प्रकार कायद्यात नाही. भेटीच्या व्हिसावर मजुरीला पाठवत असतील तर जाऊ देऊ नका. करार त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा, पगार, कामाचे तास आणि कामाचे नाव एकेक करून. मुंबईत ट्रेड टेस्ट वेल्डरची घेतात आणि तिकडे उतरल्यावर हेल्परच्या पगारावर सही मागतात, हे वारंवार घडते. विम्याच्या कागदाची एक प्रत आईकडे, एक बायकोकडे, एक तुमच्याकडे. पासपोर्टचे पहिले पान, व्हिसा, करार, सगळ्याचे फोटो घरच्यांच्या मोबाईलवर. आणि उंचीवरच्या कामाला जाणार असेल तर आमच्या त्या स्कॅफोल्डर काकांसारख्या कुणाकडे त्याला एक संध्याकाळ बसवा, म्हणजे हूक कुठे लावायचा हे त्याला जाण्याआधी कळेल.